घरगुती चेस्ट फ्रीझर : नवेपण ओसरल्यानंतरचे परीक्षण

चेस्ट फ्रीझरची, म्हणजे वरून झाकण उघडणाऱ्या पेटीवजा फ्रीझरची, बहुतेक परीक्षणे यंत्र घरी आल्यावर आठवड्याभरातच लिहिलेली असतात. त्यांत लिटरमधली क्षमता असते, किती तासांत बर्फ झाला ते असते, आवाज फारसा नाही अशी पावतीही असते. यातले काहीही खोटे नसते, पण घेणाऱ्याला पुढे उपयोगी पडेल असे त्यात थोडेच सापडते. कारण या यंत्राचा स्वभाव कळतो तो भिंतींवर पहिला जाड हिमथर बसल्यावर, वीज जाऊन परत आल्यावर आणि तळाशी गेलेली एखादी पिशवी शोधायची वेळ आल्यावर. येथे ज्याबद्दल लिहीत आहे तो २०० लिटरच्या आसपासचा, एका झाकणाचा, आत ॲल्युमिनियमचा पत्रा असलेला, गोल बटणाने तापमान ठरवायचा आणि हाताने बर्फ काढावा लागणारा अगदी साधा नमुना आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण याच बांधणीचे फ्रीझर अनेक कंपन्या करतात आणि पुढे आलेले बहुतेक गुणदोष नावाचे नसून बांधणीचे आहेत. गेली काही वर्षे तो अखंड वापरात आहे. मत आधीच सांगून टाकतो : घरात अन्न दीर्घकाळ साठवायचे असेल तर इतक्या कमी विजेत आणि इतक्या कमी भागांत हे काम करणारे दुसरे यंत्र मला माहीत नाही, मात्र देखभालीचे जे काम महागडी यंत्रे स्वतः करतात ते येथे मालकाने करायचे असते.

वीज कमी लागण्याचे कारण त्याच्या ठेवणीतच आहे. थंड हवा जड असते. उभ्या फ्रीझरचे दार उघडले की ती खाली ओघळून बाहेर पडते. येथे झाकण उघडले तरी ती पेटीत बसून राहते. झाकणाचे रबर आडवे असल्याने झाकणाच्या वजनानेच ते कडेवर दाबून बसते. आत पंखा नाही आणि आपोआप बर्फ वितळवणारा हीटरही नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये तो हीटर ठरावीक अंतराने चालू होतो, त्या वेळी आतले तापमान थोडे चढते, आणि सतत फिरणाऱ्या कोरड्या हवेमुळे सैल गुंडाळलेला जिन्नस लवकर सुकतो. आमच्या फ्रीझरला वेगळे मीटर लावून पाहिले तेव्हा साधारण दिवसाला एका युनिटाच्या आत वीज लागत होती. उन्हाळ्यात आणि नवा माल भरला त्या दिवशी हा आकडा वर जातो, पण आकारमानाचा विचार करता तक्रारीला जागा नाही.

जागा निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या प्रकारात पाठीमागे काळी जाळी दिसत नाही. उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या असतात, त्यामुळे यंत्र चालू असताना बाजूच्या भिंती हाताला स्पष्ट गरम लागतात. नव्या मालकांना हा बिघाड वाटतो आणि पहिली तक्रार बहुधा याचीच नोंदवली जाते. ती उष्णता बाहेर जाणे हेच काम असल्याने चारी बाजूंनी दहा सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी, कॉम्प्रेसरच्या बाजूची हवा जाण्याची झडप अडता कामा नये, आणि भिंतींवर कापड किंवा पुठ्ठे टेकवून ठेवण्याची सवय मोडायला हवी. माहितीपट्टीवर हवामान-वर्गाची अक्षरे असतात : ‘एन’ म्हणजे भोवतालचे तापमान १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ म्हणजे ३८ अंशांपर्यंत, ‘टी’ म्हणजे ४३ अंशांपर्यंत. पोटमाळ्यावर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचा असेल तर लिटरच्या आकड्याआधी ही अक्षरे वाचावीत. वाहतुकीत पेटी आडवी केली गेली असेल, तर उभी केल्यावर काही तास तशीच ठेवून मग चालू करावी, म्हणजे नळ्यांत गेलेले तेल कॉम्प्रेसरमध्ये परत येते.

तापमानाच्या बटणावर १ ते ७ असे आकडे आहेत. ते अंश नव्हेत, आणि ‘७’वर ठेवल्याने माल लवकर गोठतो हा समजही अर्धाच खरा आहे, कॉम्प्रेसर कधी थांबायचा एवढेच ते बटण ठरवते. आत काय तापमान आहे हे कळण्याचा एकच मार्ग म्हणजे साधा फ्रीझर-थर्मामीटर पाकिटांच्या मध्यभागी ठेवून रात्रभरानंतर वाचणे. अपेक्षित तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखालचे आहे. हा आकडा मनाला पटत नाही, अठराच का असे वाटते; त्याचे उत्तर इतकेच की तो मुळात शून्य अंश फॅरनहाइट आहे. आमच्याकडे हिवाळ्यात ‘३’वर आणि उन्हाळ्यात ‘४’वर बटण ठेवले की हे तापमान मिळते. या तापमानाला जंतूंची वाढ थांबते, ते मरत मात्र नाहीत, त्यामुळे आत जाताना जो पदार्थ शंकास्पद होता तो बाहेर येतानाही शंकास्पदच असतो.

गोठवणे आणि गोठलेले जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्या कामाची मर्यादा लोक सर्रास ओलांडतात. चार ताऱ्यांचे चिन्ह (वीजबचतीचे नव्हे, गोठवण्याच्या क्षमतेचे) असलेल्या फ्रीझरने दर १०० लिटरमागे २४ तासांत किमान साडेचार किलो अन्न गोठवले पाहिजे असा मानकाचा दंडक आहे. म्हणजे २०० लिटरच्या पेटीत एका दिवसात नऊ किलोंच्या आसपास. खोलीच्या तापमानाचा तीस किलो माल एकदम आत टाकला तर तो गोठतो, पण सावकाश गोठतो, आणि सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होऊन मांसाच्या व भाज्यांच्या पेशी फोडतात. मग वितळल्यावर ताटलीत पाणी साचते आणि पदार्थ लिबलिबीत होतो. शिवाय आधीपासून असलेला माल शेजारच्या उबेने मऊ पडतो तो वेगळाच. आमच्या नमुन्यात ‘फास्ट फ्रीझ’चा खटका आहे. तो दाबला की कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो. नवा माल यायच्या आदल्या दिवशी तो दाबावा, नव्या पिशव्या पहिल्या दिवशी ढीग न करता भिंतींना लावून सुट्या ठेवाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी खटका आठवणीने बंद करावा. हा खटका आपोआप बंद होत नाही, ही कंपनीने केलेली काटकसर मला खटकते.

आता या यंत्राचा सर्वांत मोठा दोष. जे तळाशी गेले ते गेले. पेटीची खोली कमरेपर्यंत असते, वरचे सगळे उपसल्याशिवाय खालचे दिसत नाही, आणि उपसताना झाकण उघडे राहते. कंपनीने दिलेली तारेची एकुलती एक बास्केट वरच्या कडेला अडकते आणि रोजच्या चार वस्तूंपलीकडे तिचा उपयोग नाही. उपाय करावा लागतो तो आपणच : तळासाठी हँडल असलेले प्लास्टिकचे क्रेट घ्यावेत, एकात मांस-मासे, दुसऱ्यात भाज्या-फळे, तिसऱ्यात पाव असे ठरवून टाकावे, पिशव्यांतली हवा दाबून काढून त्या चपट्या गोठवाव्यात, म्हणजे वहीच्या पानांसारख्या उभ्या लावता येतात आणि प्रत्येकीवरची तारीख वरून वाचता येते. झाकणावर यादी चिकटवून ठेवण्याचा सल्ला सगळेच देतात. तो पाळला जातो तो पेन्सिल दोरीने तिथेच बांधली तर. हवा काढण्यावर भर देतो तो उगीच नाही. पिशवीत हवा राहिली की पदार्थाच्या पृष्ठभागावरचा बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो आणि तिथे पांढरट, चामड्यासारखे डाग पडतात. खाल्ल्याने अपाय नाही, पण चव गेलेली असते. पातळ पदार्थांच्या डब्यांत वर बोटभर जागा सोडावी, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. काचेच्या भरलेल्या बाटल्या आणि फसफसणाऱ्या पेयांचे डबे येथे ठेवूच नयेत.

भिंतीवरचा हिमथर हा या यंत्राचा सर्वांत कंटाळवाणा भाग मानला जातो, आणि मला मात्र तोच सर्वांत बोलका वाटतो. झाकण उघडले की खोलीतली दमट हवा आत शिरते, तिच्यातली वाफ थंड पत्र्यावर हिमाच्या रूपात बसते, आणि हवा वरूनच येत असल्याने कडेखालच्या पट्ट्यात थर अधिक जाड असतो; एवढे स्वाभाविक आहे. पण हा थर सगळीकडे सारखा चढत नसेल तर त्याकडे नीट पाहावे. एखाद्याच कोपऱ्यात, कडेला लागून, भुसभुशीत बर्फाचा गोळा वाढत असेल तर तिथले झाकणाचे रबर उचललेले आहे. एरवी वर्षभरात जेवढा साठायचा तेवढा थर महिन्यात साठू लागला तर झाकण नीट बसत नाही किंवा कोमट अन्न न झाकता आत ठेवले जात आहे. आणि भिंतीचा एक भाग बर्फाने भरलेला, बाकीचा कोरडा आणि हाताला जेमतेम गार, अशी स्थिती असेल आणि कॉम्प्रेसर थांबतच नसेल, तर नळ्यांत गॅस कमी झाला आहे किंवा कुठेतरी चोक झाला आहे. मेकॅनिकला फोन करण्यापूर्वी त्या भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे. बर्फ वितळला की पुरावाही जातो.

थर पाच-सहा मिलिमीटरचा झाला की तो काढायलाच हवा. बर्फ उष्णता रोखतो, त्यामुळे जाड थराआडच्या नळ्या थंड असूनही ती थंडी मालापर्यंत पोहोचत नाही आणि कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो. कामासाठी साठा कमी असलेला दिवस निवडावा. आदल्या दिवशी फास्ट फ्रीझ दाबून माल जास्तीत जास्त थंड करून घ्यावा, मग तो थर्माकोलच्या पेटीत किंवा वर्तमानपत्रे आणि जाड पांघरुणात बांधून ठेवावा. प्लग काढावा, तळाचे बूच उघडावे, आणि लाकडी पाटावर कढत पाण्याची दोन पातेली आत ठेवून झाकण लावून घ्यावे. झाकण उघडे ठेवून खोलीच्या हवेने बर्फ वितळण्याची वाट पाहणारे अर्धा दिवस घालवतात; वाफ कोंडली की वीसेक मिनिटांत थर पत्र्यापासून सुटतो, त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये पाण्याची चकाकती रेघ दिसू लागते, आणि तिथे बोटे घातली की ताटाएवढ्या लाद्या अखंड हाती येतात. त्या वितळू न देता बादलीत टाकाव्यात, म्हणजे तळाशी पाणी कमी साचते. जिथे बर्फ धरून राहिला असेल तिथे पुन्हा गरम पाणी ठेवावे, फार तर लाकडी उलथने वापरावे.

सुरी, स्क्रूड्रायव्हर, छिन्नी यांतले काहीही नको. थंड करणाऱ्या नळ्या त्या पातळ पत्र्याला मागून टेकलेल्या असतात आणि त्यांच्यामागे घट्ट फोम भरलेला असतो; नळीला टाचणीएवढे भोक पडले तरी गॅस निघून जातो आणि ते ठिकाण शोधण्यासाठी फोम फोडणे कोणालाच परवडत नाही. चांगला चालणारा फ्रीझर एका क्षणात भंगारात जाण्याचा हा हमखास मार्ग आहे. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रीझरांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा थंड करणारा गॅस भरलेला असतो. तापमानवाढीच्या दृष्टीने तो जुन्या आर-१३४एपेक्षा कितीतरी निरुपद्रवी, पण ज्वलनशील आहे; घरगुती यंत्रात तो १५० ग्रॅमच्या मर्यादेतच असतो, तरी बर्फ काढताना ज्योत किंवा विजेची शेगडी जवळ आणू नये. बर्फ निघाल्यावर लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून आतला पत्रा पुसावा आणि पूर्ण कोरडा करावा, कारण राहिलेले प्रत्येक थेंब नव्या थराची सुरुवात करते. आमच्या नमुन्यात पाणी सोडण्याचे तोंड जमिनीपासून इतके खाली आहे की त्याखाली बेकिंग ट्रेएवढे उथळ भांडेच बसते आणि ते दर दोन मिनिटांनी रिकामे करावे लागते. ज्याने हे तोंड तिथे बसवले त्याने हे यंत्र कधी स्वतः धुतलेले नसावे.

रबराची निगा सोपी आहे. महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्याने त्याच्या घड्या पुसाव्यात. चिकट डाग राहिला तर झाकण उघडताना रबर ओढले जाऊन फाटते. झाकणाखाली कागदाची पट्टी ठेवून ओढून पाहावी : ती अडली पाहिजे, सहज सरकली तर तिथे फट आहे. चपटे झालेले रबर बदलण्याआधी गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने शेकून, हाताने आकार देऊन पाहावे. बऱ्याचदा तेवढ्याने ते पूर्ववत बसते. झाकण लावल्यावर लगेच पुन्हा उघडू गेल्यास ते चिकटल्यासारखे घट्ट वाटते, त्याचा मात्र रबराच्या दोषाशी संबंध नाही. आत शिरलेली उबदार हवा आकसून आतला दाब कमी होतो. दोन-तीन मिनिटे थांबले की झाकण सहज उघडते. जोर लावला तर दांडा हातात येतो.

बिघाडांपैकी आम्हाला प्रत्यक्ष अनुभव आला तो रिलेचा, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू होताना उचल देणाऱ्या छोट्या भागाचा. वीज वारंवार ये-जा करत होती त्या काळात एका सकाळी फ्रीझरच्या मागून ‘टक्’ असा आवाज, चार-पाच सेकंद दबका घुरघुराट, पुन्हा ‘टक्’, मग काही मिनिटे शांतता, असे चक्र सुरू झाले. बोलावलेल्या मेकॅनिकने कॉम्प्रेसरला हात लावून, तो तापलेला पाहून, गॅस गेला आहे आणि भरावा लागेल असे सांगितले. पण भिंतींवरचा थर सगळीकडे सारखा होता, आणि गॅस गेलेल्या यंत्राचा कॉम्प्रेसर सुरू होऊन चालत राहतो. सुरूच न होणे हे वेगळे लक्षण आहे. दुसऱ्या मेकॅनिकने प्लग काढून कॉम्प्रेसरच्या बाजूचे प्लास्टिकचे झाकण उघडले, पीटीसी रिले (तापला की करंट अडवणारी वडी आत असलेला रिले) उपसून कानाशी धरून हलवला आणि माझ्याही कानाशी धरला : आतली वडी फुटून तुकडे खुळखुळत होते. रिले बदलला, ओव्हरलोड हा संरक्षक खटकाही नवा घातला, आणि यंत्र पहिल्याच प्रयत्नात चालू झाले. कॉम्प्रेसर उचल घेऊ शकला नाही की तो जास्त करंट ओढतो, ओव्हरलोड तापून जोडणी तोडतो, थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. त्या ‘टक्’चा अर्थ एवढाच. हेच लक्षण कमी व्होल्टेजमुळे किंवा कॅपॅसिटर उतरल्यामुळेही दिसते, आणि ही तिन्ही कारणे तपासून झाल्यावरच कॉम्प्रेसर जाम झाल्याचा निष्कर्ष काढावा. हे काम मेकॅनिकचेच आहे, कारण प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतका भार राहू शकतो. मात्र गॅसचे नाव काढणाऱ्याला भिंतीवरचा थर दाखवून कारण विचारण्याचा हक्क मालकाला आहे.

वीज परत आल्यावर लगेच यंत्र सुरू होऊ देणे हे रिले जाण्याचे एक प्रमुख कारण असते. कॉम्प्रेसर थांबला की नळ्यांतला दाब दोन्हीकडे सारखा व्हायला आणि पीटीसीला थंड व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. त्याआधी वीज आली तर तो दाबाविरुद्ध उचल घेऊ पाहतो. म्हणून उशिराने जोडणी देणारा, म्हणजे टाइम-डिले असलेला स्टॅबिलायझर घ्यावा. व्होल्टेज स्थिर असणाऱ्या ठिकाणीही या एका सोयीसाठी त्यावरचा खर्च मला योग्य वाटतो. एक्स्टेन्शन बोर्डावर हे यंत्र चालवू नये.

वीज बराच वेळ नसेल तेव्हा झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरणे हेच मुख्य काम असते. गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास माल गोठलेला ठेवतो. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, थोड्या अपुऱ्या भरून, ठेवणे फायद्याचे आहे. घरी नसताना काय झाले हे कळण्यासाठी एका पेल्यात पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे. नाणे बर्फात रुतलेले दिसले तर मधल्या काळात पाणी झाले होते. ज्या पदार्थात अजून बर्फाचे कण आहेत किंवा जो ४ अंशांपेक्षा वर गेलेला नाही तो पुन्हा गोठवता येतो, फक्त पोत थोडा बिघडतो. त्यापलीकडे गेलेले मांस, मासे आणि शिजवलेले अन्न किती तास बाहेर होते हे माहीत नसेल तर वास घेऊन निर्णय करू नये, टाकून द्यावे.

राहिलेल्या तक्रारी किरकोळ आहेत. बिजागरीची स्प्रिंग सैल होत चालली असून झाकण आता अर्ध्यावर स्थिर राहत नाही, आणि ते डोक्यावर येते. आत दिवा नाही. संध्याकाळनंतर टॉर्च घेऊन उभे राहावे लागते. किल्ली झाकणालाच लटकत ठेवता येते, तीही लहान मुले असलेल्या घरात काढून वेगळी ठेवावी. ज्यांना कंबरेचा त्रास आहे किंवा ज्यांची उंची कमी आहे त्यांनी दुकानात तळाला हात पोहोचतो का हे आधी वाकून पाहावे, आणि न पोहोचल्यास उभा फ्रीझर घ्यावा. दोघा-तिघांच्या घराला १०० ते १५० लिटर पुरतात. त्याहून मोठी पेटी घेतली की रिकामी जागा भरण्यासाठीच माल आणला जातो. मला पुन्हा घ्यायचा झाला तर याच बांधणीचा, एक आकार लहान, झाकणात दिवा असलेला आणि पाणी सोडण्याचे तोंड समोरच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर असलेला घेईन.